पथदिवा का तापतो: ९० वॅट फिटिंगच्या नव्या डिझाइनच्या नोंदी

१४ फेब्रुवारी

विदर्भातल्या एका नगरपरिषदेकडून परत आलेल्या ९० वॅटच्या स्ट्रीट लाइट फिटिंग्ज आज टेबलावर घेतल्या. दोन उन्हाळे काढलेत यांनी. सोबतच्या पत्रात एकच ओळ, गरम होऊन बंद पडतात, आणि साहेबांचंही तेच, म्हणे हीटसिंक मोठा करा आणि विषय संपवा. पण उघडून बघितल्यावर विषय एवढा सरळ वाटत नाहीये.

तीन ढीग पडले. सगळ्यात मोठा ढीग ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठराविक करंट पुरवणारा भाग, गेलेल्यांचा. दुसरा, ज्यांच्यात एक अख्खी ओळ काळी आणि बाकीच्या चालू. तिसरा छोटा आहे पण विचित्र, एलईडी सगळे पेटतात पण उजेड पिवळट-मंद आणि प्रत्येक एलईडीच्या सिलिकॉन घुमटावर चहाच्या डागासारखा तपकिरी रंग चढलाय.

गंमत म्हणजे खुद्द एलईडी मेलेले फारच थोडे सापडले. काळ्या ओळीतल्या एकेका एलईडीला बेंच सप्लायने ३ व्होल्ट दिले तर जवळजवळ सगळे टुकटुक पेटतात. मग एका बोर्डवर पूर्ण ओळीला सप्लाय लावला, काही नाही, आणि प्लास्टिकच्या चिमट्याने मधल्या एलईडी एकेक करून हलकेच दाबत गेलो तर एकाला दाबल्यावर सगळी ओळ झपकन लागली, सोडलं की गेली. म्हणजे चिप जिवंत, खालचा सोल्डर तडकलेला. उद्या दुसऱ्या बोर्डांवरही हेच करून बघायचं.

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या बोर्डांवरही तेच. तडकलेले जॉइंट बहुतेक सगळे बोर्डाच्या मध्यावर, कडेचे ठणठणीत.

आता जुन्या फिटिंगची रचना लिहून ठेवतो म्हणजे पुढे तुलना करता येईल. रेडीमेड डायकास्ट बॉडी, त्यात दोन अ‍ॅल्युमिनियम पीसीबी, प्रत्येकावर २४, एकूण ४८ एलईडी, सिरॅमिक बेसवाले ३५३५, म्हणजे ३.५ बाय ३.५ मिमीचे. बारा-बाराच्या चार ओळी पॅरलल, ३६ व्होल्ट, साधारण २.२ अँपिअर, म्हणजे प्रत्येक एलईडीतून ५५० मिलिअँपिअर आणि १.६५ वॅट. त्यातला चाळीस-पंचेचाळीस टक्के उजेड म्हणून बाहेर जातो असं धरलं तरी एकेका एलईडीला साधारण १ वॅट उष्णता राहते. जुन्या बल्बची उष्णता इन्फ्रारेड होऊन समोरून निघून जायची, एलईडीचं तसं नाही, याची सगळी उष्णता पाठीमागून, धातूतूनच जाते. चिपमधून पॅकेज, सोल्डर, बोर्डाचं तांबं, त्याखालचा इन्सुलेशनचा थर, बोर्डाचं अ‍ॅल्युमिनियम, मग बोर्ड आणि बॉडीच्या मधली फट, मग बॉडी, आणि शेवटी हवा. एका रांगेत. रांगेतला एक जरी अडला तरी त्याच्या मागचे सगळे तापत बसणार.

या रांगेत साहेब ज्याला मोठा करा म्हणतायत तो शेवटून दुसरा आहे. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आधी मोजू.

हिशोब करून ठेवतो. इन्सुलेशनचा थर १०० मायक्रॉन, त्याची उष्णतावाहकता साध्या बोर्डात १ वॅट प्रति मीटर केल्विन. एलईडीखालचं क्षेत्रफळ ११ चौरस मिमी धरलं तर ९ डिग्री प्रति वॅट, तांब्यात थोडी पसरते म्हणून पाच-सहा म्हणू. शेजारी तांबं ३९०-४००, अ‍ॅल्युमिनियम २०० च्या घरात, आणि त्यांच्यामध्ये हा १ वाला पापुद्रा. कागदाच्या जाडीचा थर आहे पण सगळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या वजनाला भारी पडतो.

२० फेब्रुवारी

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिकटवून एक चांगली चालणारी फिटिंग सकाळी लावली. के टाइप, बारीक तार, एलईडीच्या सोल्डर पॅडला अगदी लागून, थर्मल इपॉक्सीचा ठिपका. एक काळजी घ्यावी लागते, तारेच्या टोकावर थेट उजेड पडला तर टोक स्वतःच उजेड खाऊन तापतं आणि आकडा उगाच चढा दिसतो, म्हणून ठिपक्यावर पांढरा रंग लावला.

अर्ध्या तासात १ डिग्रीपेक्षा कमी फरक होईपर्यंत थांबलो, चहा-जेवण सगळं उरकलं. खोलीत २८. बॉडी वरून ५५. कडेच्या एलईडीचा पॅड ६५, मधल्याचा ७६. ड्रायव्हरचा केस ७१.

कड आणि मध्य यात ११ डिग्रीचा फरक! दोन्हीकडे तोच एलईडी, तोच करंट, तोच बोर्ड. म्हणजे गडबड बोर्डाच्या खाली.

आमच्या ज्युनियरने थर्मल कॅमेरा लावून सांगितलं की बॉडी आतून फक्त ३८ आहे, सगळं मस्त आहे. त्याला म्हटलं बाबा, आतून उघडं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम आहे, ते आरशासारखं समोरची भिंत दाखवतंय. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि त्याच्यावर बघितलं तर ५७. पोरगं हुशार आहे, त्यानंतर सगळीकडे टेपचे तुकडे चिकटवत सुटलाय, माझ्या डब्यालाही एक लागलाय.

२१ फेब्रुवारी

बोर्डाचे स्क्रू काढले. या फिटिंगला फक्त चार कोपऱ्यांना स्क्रू आहेत, आणि बोर्ड-बॉडीतली फट भरायची थर्मल पेस्ट म्हणून मध्ये कुणीतरी एक पांढरा गोळा टाकून वरून बोर्ड दाबलाय.

उचलून बघितला तर चित्र एकदम स्पष्ट. चार कोपऱ्यांजवळ बॉडीच्या धातूवर बोर्डाची करकरीत खूण उमटलीय. मध्ये पेस्टचा गोळा तसाच फुगीर, वर सुकून पापडी आलेली, बोर्डाला फक्त टोकाला लागलेला, आणि त्याच्या भोवतीची जागा कोरडी, दोन वर्षांची बारीक धूळ बसलेली. सरळपट्टी उभी धरली, खाली फीलर गेज सरकवलं, ०.३ मिमीचं पातं मध्यापर्यंत आरामात गेलं. कोपऱ्यांचे स्क्रू आवळले की बोर्ड मध्ये कमानीसारखा उचलला जातो, आणि तापला की अजून.

हवेची वाहकता ०.०२६. बोर्ड २०० बाय ८० मिमी, त्याच्यावर २४ वॅट उष्णता, आणि खाली सगळीकडे ०.३ मिमी हवा धरली तर नुसत्या फटीत १७ डिग्री येतात. प्रत्यक्षात बोर्डाचं अ‍ॅल्युमिनियम उष्णता आडवी कडेला नेतं म्हणून ११ वर भागलं. त्याच जागी १.५ वाली साधी पेस्ट १०० मायक्रॉन पसरली असती तर दशांश १ डिग्री.

म्हणून ते "महागडी पेस्ट घ्या, ८ वाली घ्या" हे बोलणं बाजूला ठेवा. पेस्ट कुठली यापेक्षा ती आहे का, आणि पातळ आहे का. जाड थापली तर तीच अडथळा होते.

दुपारी त्याच फिटिंगला मध्ये दोन स्क्रू जास्तीचे टॅप करून, पेस्ट स्क्रीनने पातळ लावून परत जोडली.

२२ फेब्रुवारी

खोलीत तेच २८. मधला पॅड ७६ वरून ६८ वर. कडेचा ६४. दोन स्क्रूचा खर्च लिहिण्यासारखाही नाही.

२७ फेब्रुवारी

तडकलेल्या जॉइंटचा कटसेक्शन करून आणला, ओळखीच्या एका लॅबमध्ये. रेझिनमध्ये बसवून, घासून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली. तडा सोल्डरच्या बाहेरच्या कोपऱ्यात सुरू होऊन सिरॅमिकच्या कडेकडेने आत जातोय, मध्ये थोडंसं टिकून आहे. म्हणूनच दाबलं की पेटत होतं. एका जॉइंटमध्ये दोन मोठे गोल पोकळ डाग पण दिसले, रिफ्लोच्या, म्हणजे ओव्हनमध्ये सोल्डर वितळवण्याच्या वेळचा अडकलेला गॅस. तिथून उष्णता जात नाही आणि तडेही तिथेच धावतात.

कारण हिशोबात बसतं. सिरॅमिक तापल्यावर डिग्रीला ६-७ पीपीएम (दहा लाखांत ६-७ भाग) वाढतं, अ‍ॅल्युमिनियम २३. ३.५ मिमीचं पॅकेज, मध्यापासून कडेपर्यंत १.७ मिमी, रोज संध्याकाळी ६० डिग्रीचा चढ धरला तर कडेला दोघांमध्ये पावणेदोन मायक्रॉनची ओढाताण. ऐकायला काहीच नाही. पण सोल्डरची जाडीच ५० मायक्रॉन, म्हणजे रोज साडेतीन टक्के कातर, संध्याकाळी एकदा इकडे, सकाळी एकदा तिकडे. वर्षाला ३६५. आणि मधल्या एलईडीचा चढ ११ डिग्रीने जास्त, म्हणून मधले आधी जातात.

पुढची गोष्ट अजून वाईट. चार ओळी पॅरलल असल्यामुळे एक ओळ तुटली की २.२ अँपिअर तीन ओळींत वाटला जातो, ५५० चे ७३० होतात. मग त्या जास्त तापतात, मग दुसरी जाते. एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज कमी होतो, डिग्रीला दीड-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे जी ओळ जास्त गरम तीच जास्त करंट ओढणार. पॅरललमध्ये हे पाचवीलाच पुजलेलं.

५ मार्च

एलईडी कुठला घ्यायचा यावर आज बरीच खडाजंगी. दोन रस्ते आहेत.

एक, ३५३५ सिरॅमिकच ठेवायचा पण बोर्ड तांब्याचा घ्यायचा, त्यातही तो प्रकार ज्यात एलईडीचा मधला थर्मल पॅड इन्सुलेशनशिवाय थेट तांब्याच्या गाभ्याला सोल्डर होतो. त्याने १ वाला पापुद्राच रस्त्यातून निघून जातो. तांबं १७ पीपीएम वाढतं, म्हणजे ओढाताणही पस्तीस-चाळीस टक्क्यांनी कमी. गाड्यांच्या हेडलाइटमध्ये हे वापरतात. पण रेट ऐकून परचेसच्या मॅडम नुसत्या हसल्या.

दोन, थोड्या जागी जास्त वॅट कोंबण्याऐवजी दुप्पट एलईडी घेऊन निम्म्या करंटवर चालवायचे. ३०३० साइजचे, तांब्याची लीडफ्रेम आणि प्लास्टिकची बॉडी असलेले, ९६ नग, २८० मिलिअँपिअर. यांची बॉडी सिरॅमिकसारखी हट्टी नाही, तांब्याच्या पायांमुळे अ‍ॅल्युमिनियमशी जमवून घेते.

याचा एक छुपा फायदा आहे जो लोक विसरतात. निळ्या चिपमध्ये करंट डेन्सिटी वाढवत गेलं की तिची कार्यक्षमता घसरत जाते, याला ड्रूप म्हणतात, आणि कारण म्हणून ऑजे रिकॉम्बिनेशनकडे बोट दाखवलं जातं, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल भेटल्यावर निघालेली ऊर्जा फोटॉन न होता तिसऱ्याच एका इलेक्ट्रॉनला दिली जाते आणि शेवटी उष्णता होते. म्हणजे करंट निम्मा केला की उष्णता निम्म्याहूनही कमी होते. दुहेरी कमाई. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना ज्या गॅलियम नायट्राइडच्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालं, तोच हा, आणि हे दुखणंही तिथलंच.

चिपची रचनाही बघितली. स्वस्त ३०३० मध्ये साधी आडवी चिप असते, नीलमवर वाढवलेली आणि नीलम खाली ठेवून चिकटवलेली, म्हणजे प्रकाश देणारा थर वर आणि त्याच्याखाली ३५-४० वाहकतेचा दगड, त्यातून उष्णता उतरणार. वरून सोन्याच्या केसासारख्या तारा. फ्लिप चिपमध्ये हीच चिप पालथी घालतात, गरम होणारा थर खाली धातूच्या पॅडला टेकतो, नीलम वर राहतं आणि उजेडासाठी खिडकीचं काम करतं, तारा लागतच नाहीत. अजून एक प्रकार, लेझरने नीलम सोलूनच काढायचा. फ्लिप चिपचे सॅम्पल छान आहेत, पण आमच्या २८० मिलिअँपिअरला चिपच्या आतला फरक ३-४ डिग्रीचा निघतोय आणि खाली फटीत ११ जात होते. तारांचं तुटणं हा मुद्दा राहतो, पण त्याला कमी तापमान हाच उपाय. सध्या आडवी चिपच, चांगल्या कंपनीची, एलएम-८० रिपोर्ट असलेली, म्हणजे हजारो तासांत उजेड किती घटतो याची प्रमाणित चाचणी झालेली.

९६ वर शिक्कामोर्तब.

१३ मार्च

लेआउट पाठवला. इन्सुलेशन २ वाला, ८० मायक्रॉन. १ वरून २ वर गेलं की बोर्डाचा रेट थोडा वाढतो, ३ वर गेलं की बराच, आणि निम्म्या वॅटवर ३ चा फायदा १ डिग्रीपण नाही. तांबं ३५ वरून ७० मायक्रॉन करून घेतलं आणि मोकळी जागा सगळी तांब्याने भरली, सोल्डर मास्कखाली दिसत नाही पण उष्णता आडवी पसरवायला तेच कामाला येतं.

ओळी आता २४ च्या चार, ७२ व्होल्ट. ३६ व्होल्टच्या ओळीत एक एलईडी शॉर्ट झाला तर त्या ओळीचा व्होल्टेज ८ टक्क्यांनी पडायचा, ७२ मध्ये ४ टक्के. आणि प्रत्येक ओळ बोर्डावर नागमोडी फिरवलीय, थोडी मध्यातून थोडी कडेने, म्हणजे कुठलीच ओळ दुसरीपेक्षा कायम गरम राहणार नाही. ट्रॅक काढणाऱ्या पोराने मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार.

स्क्रू सहाऐवजी आठ, त्यातले दोन मधोमध.

२२ मार्च

टूलरूममध्ये काकांबरोबर. नवीन बॉडी एक्स्ट्रूजनची घ्यायची म्हणतोय, ६०६३ ची वाहकता २०० च्या आसपास, डायकास्टची एडीसी १२ जेमतेम ९६. काकांना पंखे, म्हणजे फिन, दाट पाहिजेत.

"अहो, जेवढे पंखे जास्त तेवढी हवा लागणार ना?"

"काका, इथे फॅन नाहीये हवा मारायला. गरम हवा आपली आपण वर जाणार, तिला वाट पाहिजे. ५ मिमीच्या फटीत ती अडकते."

"मग किती ठेवू?"

"१०. आणि पंखे कमी झाले तर उंची वाढवा."

काकांनी डोकं हलवलं पण पटलेलं दिसत नव्हतं, म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून जुन्या बॉडीवर एक आड एक फट बुजवून दाखवली, तापमानात फरक जवळपास नाही. मग म्हणाले, "असं होय, मग धूळ बसायलाही जागा कमी." हे तर मी विचारातच घेतलं नव्हतं पण खरंय, परत आलेल्या फिटिंग्जच्या फटींमध्ये धूळ, पाला आणि चिमण्यांचं काय काय सिमेंटसारखं घट्ट बसलेलं होतं. पंखे आता उताराच्या दिशेने, पावसात धुतले जातील असे.

रंगावरूनही वाद. विक्रीवाल्यांचं म्हणणं काळा रंग उष्णता फेकतो. रात्री, ६० डिग्रीच्या बॉडीतून जी उष्णता जाते ती इन्फ्रारेडमध्ये, आणि तिथे पावडर कोटिंग काळं असो पांढरं असो, सगळ्यांची एमिसिव्हिटी, म्हणजे किरणांनी उष्णता फेकण्याची क्षमता, ०.९ च्या आसपास. उघडं पॉलिश अ‍ॅल्युमिनियम मात्र ०.०५. एवढ्या तापमानाला बॉडीची बरीच उष्णता किरणांनीच जाते, म्हणून कोटिंग पाहिजेच, पण रंग हा दिवसा उन्हात तापण्याचा प्रश्न आहे. फिकट राखाडी.

२ एप्रिल

तपकिरी घुमटांचं कोडं. त्यांच्या फिटिंग्जमध्ये एकच वेगळी गोष्ट सापडली, गास्केट मध्येच संपली म्हणून दुसऱ्या ठिकाणची काळी रबर पट्टी लावलेली. सीलबंद बॉडीत रबर तापलं की त्यातून वाफा निघतात, त्या एलईडीच्या सिलिकॉन घुमटात शिरतात आणि निळ्या प्रकाशाने आत करपून तपकिरी होतात.

खात्री करायला एक डागी बोर्ड काच काढून उघड्यावर चालू ठेवला, आणि शेजारी काचेच्या बरणीत चांगला बोर्ड, सोबत त्या रबराचा तुकडा.

६ एप्रिल

बरणीतला पिवळा पडायला लागला. उघड्यावरचा हळूहळू साफ होतोय, पूर्ण नाही, पण फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला. गास्केट सिलिकॉनचीच, आणि परचेस ऑर्डरवर ग्रेड लिहायची, "काळी पट्टी" असं लिहायचं नाही.

११ एप्रिल

ड्रायव्हर. सगळ्यात मोठा ढीग याचाच होता हे विसरून चालणार नाही, एलईडीच्या गप्पा कितीही रंगल्या तरी खांबावर अंधार बहुतेक वेळा ड्रायव्हरमुळे पडतो.

जुन्या बॉडीत ड्रायव्हर बोर्डाच्या पाठीमागे त्याच पोकळीत, ४५ वॅट उष्णतेच्या शेजारी, स्वतःची ९ वॅट वेगळी. मेलेले ड्रायव्हर फोडले तर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वरून फुगलेले. या कॅपॅसिटरचं गणित सोपं असतं, दर १० डिग्री कमी केले की आयुष्य दुप्पट. १०५ डिग्रीला १०,००० तासांचा कॅपॅसिटर ९५ ला २०,००० तास, ७५ ला ८०,०००. स्ट्रीट लाइट वर्षाला साधारण ४,२०० तास जळतो. २८ डिग्रीच्या खोलीत केस ७१ होता, आतला कॅपॅसिटर अजून दहाने वर, विदर्भातल्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी ९० च्या पुढे सहज. वॉरंटी पाच वर्षांची. वर तो कॅपॅसिटर खरंच १०,००० वाला होता का, तर नव्हता, २,००० वाला बसवलेला.

नव्या बॉडीत ड्रायव्हरची खोली वेगळी, खांबाच्या बाजूला, मध्ये हवेची मोकळी फट, आणि केस खालच्या पत्र्याला पॅडने टेकवलेला. बोर्डावर मध्यभागी एक एनटीसी, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा रेझिस्टर, पॅड ८५ च्या वर गेला की ड्रायव्हर करंट हळूहळू कमी करेल. याची गरज रात्री पडणार नाही. पण आपल्याकडे दिवे चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर चिकटून भर दुपारी दिवे जळत राहतात ना, तेव्हा पडेल.

२५ एप्रिल

पहिला नमुना. खोलीत ३१. बॉडी ५३, मधला पॅड ५८, कडेचा ५६, ड्रायव्हर केस ५२.

पॅडवरून आतल्या जंक्शनचा, म्हणजे चिपमधल्या उजेड देणाऱ्या थराच्या तापमानाचा अंदाज करण्यापेक्षा थेट मोजलं. एलईडीचा व्होल्टेजच थर्मामीटर म्हणून वापरायचा. आधी एक ओळ ओव्हनमध्ये ४०, ६०, ८० ला ठेवून १० मिलिअँपिअरवर व्होल्टेज नोंदवला, २४ एलईडी मिळून डिग्रीला ३८ मिलिव्होल्टचा उतार आला. मग पूर्ण करंटवर तापवून झटकन १० मिलिअँपिअरवर आणलं आणि ऑसिलोस्कोपवर पकडलं. झटकन म्हणजे मिलिसेकंदात, कारण चिप आणि पॅडमधला फरक तेवढ्यातच विरून जातो, मल्टिमीटर बघत बसलं तर फक्त बोर्डाचं तापमान हाती लागतं. करंट बदलल्याच्या क्षणापर्यंत ओढून मागे नेलेली रेघ ६३ वर टेकली. खोलीपेक्षा ३२ वर. जुन्याचा हिशोब ५४ वर होता.

उजेडही वाढलाय, म्हणजे तेवढ्याच लुमेनला ८० वॅट पुरतील. टेंडरमध्ये ९० लिहिलंय म्हणून ९० द्यायचे का यावर साहेब विचार करतायत.

१६ मे

नागपूरजवळ एका ओळखीच्या कारखान्याच्या आवारात नमुने खांबावर चढवलेत, दोन फिकट राखाडी, एक गडद. दुपारी साडेतीनला सावलीत ४४. दिवे बंद, तरी गडद बॉडी ६२ आणि फिकट ५५. शिडीवरून लॉगर काढायला चढलेला वायरमन हातमोजे विसरला होता, त्याला कुठली बॉडी जास्त गरम हे विचारायची गरज पडली नाही.

संध्याकाळी ७ ला दिवे लागले तेव्हा हवा ३९, बॉडी ४३. म्हणजे दिवा रोज आधीच तापलेला असताना सुरू होतो. रात्री ९ ला पॅड ६५, पहाटे ६०. एनटीसी झोपलेलाच.

टेंडरवाले ५० डिग्री अ‍ॅम्बियंट लिहितात ते रात्रीसाठी उगाच जास्त आहे, आणि दिवसा बंद फिटिंगच्या आतल्या प्लास्टिक, गास्केट, कॅपॅसिटर यांना मात्र कमीच पडतं.

८ जुलै

थर्मल सायकल चेंबर, उणे १० ते १००, पाचशे सायकल. जुना बोर्ड तुलनेसाठी सोबत ठेवला होता, तो अर्ध्या वाटेत एका ओळीने गेला. नवा पूर्ण करून बाहेर आला, ओळी सगळ्या चालू, कटसेक्शनमध्ये कोपऱ्याला बारीक सुरुवात दिसते पण आत गेलेली नाही.

पावसाचं एक निघालं. तापलेल्या सीलबंद बॉडीवर एकदम सर पडली की आतली हवा आकसते आणि गास्केटमधून पाणी आत ओढलं जातं, धूळ-पाणी आत जात नाही असं सांगणारा आयपी ६६ चा छाप असला तरी. पाणी नव्हे पण हवा जाऊ देणारा ब्रीदर व्हेंट खालच्या बाजूला बसवला. नळीने पाणी मारून तापव-भिजव केलं, काच आतून कोरडी.

१९ ऑगस्ट

टेंडरच्या कागदांसाठी आयुष्याचा आकडा द्यायचाय. विक्रीवाल्यांना १ लाख तास छापायचेत. एलएम-८० चा रिपोर्ट ६,००० तासांचा आहे, २० हून जास्त नमुन्यांचा, आणि त्या रिपोर्टवरून आयुष्य काढायच्या टीएम-२१ च्या नियमाने चाचणीच्या सहापटीपलीकडे दावा करता येत नाही, म्हणजे ३६,००० तास. वर्षाला ४,२०० धरले तर साडेआठ वर्षं. १ लाख छापायचे तर जवळपास १६,७०० तासांचा रिपोर्ट आणा म्हटलं. आणि हे फक्त एलईडीचं, ड्रायव्हरचं वेगळं पान लागेल. शेवटी ३६,००० च्या वर असं छापायचं ठरलं, कुरकुर करत.

२७ ऑगस्ट

कॉस्टिंगची मीटिंग. फिटिंगमागे पैसे कमी करा असा आदेश, आणि यादीत सगळ्यात वर कोणी काय लिहिलं असेल तर पेस्ट स्क्रीनने लावण्याची मजुरी, मधले दोन स्क्रू, सिलिकॉन गास्केट आणि १०,००० तासांचा कॅपॅसिटर. बॉडीला हात लावायचा नाही म्हणे, कारण ग्राहक फिटिंग हातात घेऊन वजन बघतो.

साहेबांना आकड्यांसकट मेल टाकलाय. बॉडीतून अर्धा किलो अ‍ॅल्युमिनियम काढलं तर पॅड ३ डिग्रीने वाढतो आणि या चारही गोष्टींपेक्षा जास्त पैसे वाचतात. मधले दोन स्क्रू काढले तर वाचतात दोन स्क्रूचे पैसे आणि वाढतात ७-८ डिग्री, तेही नेमके मधल्या एलईडीवर. काकांना नवीन एक्स्ट्रूजनचं ड्रॉइंग बेस ४ ऐवजी ३ मिमी करून दिलंय, डाय कापायच्या आधी साहेबांचं उत्तर पाहिजे.